ई-रीडर घेताना आधी आपल्या फायली उघडून बघा

ई-रीडर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो कुठल्या कंपनीचा घेतेस, मला पण सगळ्यांनी तोच विचारला. पण मी सुरुवात केली ती लॅपटॉपमधल्या पुस्तकांच्या फोल्डरपासून, कारण फोनवर वाचून डोळे चुरचुरायला लागले होते हे खरं असलं तरी मी फोनवर नक्की काय वाचते हे मलाच नीट माहीत नव्हतं. एका रविवारी बसले आणि सगळ्या फायली एकेक करून उघडल्या. तीन ढीग झाले. एक ढीग विकत घेतलेल्या आणि फुकट उतरवलेल्या ईपबचा, म्हणजे ई-पुस्तकांच्या फायलींचा, हा सगळ्यात लहान निघाला. दुसरा कामाच्या पीडीएफचा, ए४ आकाराच्या, अहवाल, पेपर वगैरे. आणि तिसरा, अर्ध्याहून जास्त, जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनचा, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हवरून आणि मराठी विकिस्रोतावरून गोळा केलेली कॉपीराइट संपलेली पुस्तकं, पिवळी पानं, कुठे वाकडी, कुठे दोन पानं एकाच चित्रात.

हे कळल्यावर बराचसा निर्णय तिथेच झाला होता असं मला आता वाटतं. कारण ईपब आणि स्कॅन या वाचायच्या दृष्टीने दोन वेगळ्याच वस्तू आहेत. ईपबमधे अक्षरं मोकळी असतात, स्क्रीन लहान असला तर ओळी नव्याने मोडल्या जातात, अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, बस. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातलं अक्षर मोठं करायचं म्हणजे पूर्ण फोटोच मोठा करायचा आणि मग बोटाने सरकवत बसायचं. ज्याचं वाचन सगळं ईपबचं आहे त्याने खुशाल सहा-सात इंची घ्यावा, हलका असतो, दोनशे ग्रॅमच्या आसपास, एका हातात मावतो, फार विचार करायची गरज नाही. सहा इंच हा आकार सुरुवातीपासूनच चालत आलाय, २००४ साली जपानमधे आलेला सोनीचा लिब्रिए सहा इंचीच होता, २००७ चा अमेझॉनचा पहिला किंडल पण सहा इंची, आणि दोन्ही मोकळ्या मजकुरासाठीच बनवलेले होते.

मधल्या एका प्रकाराबद्दल सांगायलाच हवं, कारण मराठी वाचणाऱ्याला तो हमखास भेटतो. काही पीडीएफ दिसायला स्वच्छ टाइप केलेल्या असतात, स्कॅन नसतात, त्यामुळे वाटतं की रीडर त्यातला मजकूर मोकळा करून देईल. पण त्या युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधे केलेल्या असतात, म्हणजे आत रोमन अक्षरांचा कचरा असतो आणि वरून मराठीचा फॉन्ट चढवलेला असतो. ओळखायचं सोपं आहे, एक ओळ सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमधे पेस्ट करा. कचरा आला तर त्या फाइलमधे सर्च चालणार नाही, डिक्शनरी चालणार नाही आणि मजकूर नव्याने मांडायला गेलं तर पानभर भलतंच काहीतरी येईल. युनिकोडमधे केलेल्या पीडीएफमधे पण बऱ्याचदा कॉपी करताना वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे पळतात. त्यामुळे मी हिशोब सोपा ठेवला: मराठी पीडीएफ म्हणजे चित्र, असंच धरून चालायचं.

मग आकार. दुकानात उभं राहून दहा इंच बघितलं की ते सुंदरच दिसतं, घरी आणल्यावर चारशे ग्रॅमच्या घरातलं ते यंत्र पडून वाचताना हातात धरवतं का हा वेगळा प्रश्न. मी कागदावर करून बघायचं ठरवलं. हे स्क्रीन बहुतेक चारास तीन प्रमाणात असतात, त्यामुळे इंचावरून (तो पडद्याचा कर्ण असतो) मापं काढता येतात: सहा इंची म्हणजे साधारण ९१ बाय १२२ मिलिमीटर, ७.८ इंची म्हणजे ११९ बाय १५८, १०.३ इंची म्हणजे १५७ बाय २०९, म्हणजे जवळपास ए५ कागदाएवढा, आणि १३.३ इंची जवळपास ए४. या मापांचे चौकोन जाड कागदातून कापले आणि मग माझ्याच फायलींमधली पानं त्या चौकोनात बसतील अशी लहान करून प्रिंट काढली. ए४ चं पान सहा इंचीसाठी ४१ टक्के, ७.८ साठी ५३ टक्के, १०.३ साठी ७० टक्के. ती प्रिंट हातात घेऊन रात्री दिव्याखाली वाचायला बसले. सहा इंचीवर ए४ चं पान वाचणं अशक्य, हे पहिल्या ओळीतच कळलं, बारा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं आणि देवनागरीत तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार आधी मरतात, एखादी वेलांटी अनुस्वारासकट नुसता ठिपका होऊन बसते. इंग्रजी वाचणाऱ्याने सांगितलेला "चालतं की सहा इंचीवर" हा अनुभव आपल्याला तसाच लागू होत नाही, आपल्या अक्षराला उंची जास्त लागते.

जुन्या पुस्तकांचं गणित मात्र वेगळं निघालं, आणि इथेच मला खरा आनंद झाला. आपली कितीतरी पुस्तकं डेमी आकारात छापलेली असतात, साडेपाच बाय साडेआठ इंच. त्यातला समास काढून टाकला की छापलेला मजकूर उरतो तो साधारण चार इंच रुंद, सात इंच उंच. हा मजकूर ७.८ च्या चौकोनात ठेवून बघितला तर मूळ आकाराच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बसतो! म्हणजे समास कापायची सोय असेल तर छापील पुस्तक जवळजवळ आहे तसंच दिसणार. आणि कामाच्या ए४ पीडीएफचं काय, तर यंत्र आडवं धरायचं. आडव्या ७.८ ची रुंदी १५८ मिलिमीटर, आणि ए४ वरचा समास सोडून मजकूर साधारण १६० रुंद असतो, म्हणजे अक्षर पूर्ण आकारात, फक्त पान दोन हप्त्यांत वाचायचं, आधी वरचा भाग मग खालचा. हे मला पूर्ण चालणारं होतं.

आणखी एक गोष्ट आकड्यांमधे सापडली. १०.३ इंचीचे बरेचसे पडदे १८७२ बाय १४०४ पिक्सेलचे असतात, आणि ७.८ इंचीचे पण नेमके तेवढेच! म्हणजे ठिपके तेच, फक्त मोठ्या यंत्रात ते पसरलेले, एका इंचात २२७, आणि लहान यंत्रात दाटीवाटीने ३००. आता ३०० चे दहा इंची पण निघालेत, त्यामुळे घेताना आकडा बघायचाच, पण मी बघत होते त्यात मोठं यंत्र घेऊन जास्त बारकावा मिळत नव्हता, फक्त जास्त लांबून वाचता आलं असतं. देवनागरीच्या जोडाक्षरांना दाट ठिपक्यांचा फायदा होतो हे नंतर प्रत्यक्ष बघितलं.

७.८ ठरलं. मग पडदा कसला.

हल्ली "कागदासारखा डिस्प्ले" असं खूप यंत्रांवर लिहिलेलं असतं आणि त्याखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खऱ्या ई-इंकमधे केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण, एकावर धन भार आणि दुसऱ्यावर ऋण, खालून विद्युत दाब दिला की एक जातीचे वर येतात दुसरे खाली जातात, आणि एकदा वर आले की तिथेच राहतात, पान तसंच ठेवायला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं (वायफाय आणि लाइट सतत चालू ठेवले तर नाही, आणि अँड्रॉइडवाल्या यंत्रांत तर बरंच कमी). दुसरा प्रकार म्हणजे साध्या एलसीडी टॅबलेटवर चमक घालवणारी खरबरीत काच, वाचायला नेहमीच्या टॅबपेक्षा बरी, पण प्रकाश मागूनच येतो. दुकानात ओळखायचा उपाय: लाइट शून्यावर आणा आणि खिडकीजवळ जा. ई-इंकवरचा मजकूर उजेडात उलट आणखी छान दिसतो. मागून दिवा असलेल्या एलसीडीवर काही दिसत नाही. मागे दिवा न ठेवता बाहेरच्या उजेडावर चालणारे एलसीडी पण आलेत, ते या परीक्षेत पास होतात आणि स्क्रोलिंगला ई-इंकपेक्षा खूपच चपळ असतात, पण माझं काम पानं उलटायचं, सरकवायचं नाही, त्यामुळे तिकडे वळले नाही.

ई-इंकमधे रंगीत घ्यायचा का यावर मात्र मी बराच वेळ घालवला. कलायडो ३ नावाच्या पडद्यावर काळंपांढरं ३०० पीपीआय (एका इंचातले ठिपके) आणि रंग १५० पीपीआय मिळतो, रंग येतात ते काळ्यापांढऱ्या पडद्यावर बसवलेल्या रंगीत गाळणीतून, आणि गाळणी म्हटलं की ती उजेड खाणारच. दोन्ही यंत्रं लाइट बंद करून शेजारी ठेवली तर रंगीताची पार्श्वभूमी स्पष्ट करडी दिसत होती. ज्यांना कॉमिक्स, मुलांची पुस्तकं, नकाशे बघायचेत त्यांना तो घ्यावासा वाटेल आणि बरोबरच आहे. माझ्या जुन्या पुस्तकांची पानं आधीच पिवळी, ई-इंकवर पिवळा म्हणजे करडा, त्यात पडदाही करडा म्हणजे करड्यावर काळं वाचायचं. काळापांढराच घेतला.

घ्यायच्या आधी मैत्रिणीचा जुना सहा इंची थोडे दिवस मागून आणला, अक्षरांची परीक्षा घ्यायला. "अगं त्यात मराठी नीट दिसतं, मी वाचते ना," असं ती म्हणाली आणि दिसत होतंच, पण मी एक लहानशी ईपब बनवून नेली होती, तिच्यात मुद्दाम नडणारे शब्द भरले होते: तऱ्हा, दऱ्या, ऱ्हास, ॲप, उद्ध्वस्त, हृदय, ज्ञानेश्वर, शृंगार, वाङ्मय, र्‍हस्व-दीर्घाच्या जोड्या, आणि एका शब्दात दोन-दोन रफार. बाकी सगळं ठीक निघालं पण "तऱ्हा" मधल्या अर्ध्या र चा रफार होत होता आणि ॲ च्या जागी रिकामा चौकोन येत होता (ॲ युनिकोडमधे २००८ साली आला, जुन्या फॉन्टमधे तो नसतोच). शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा आहे, पान-दोन पानं चालून जातं, पण चारशे पानांची कादंबरी वाचताना डोळा प्रत्येक ओळीत अडखळतो, निदान माझा तरी. म्हणून माझी पहिली अट झाली की बाहेरचा फॉन्ट टाकता आला पाहिजे. हे बऱ्याच यंत्रांत जमतं, फॉन्टची फाइल ठराविक फोल्डरमधे टाकायची. मी तिरो देवनागरी मराठी टाकला, फुकट आहे, मराठी वळणाचा ल आणि श त्यात आहे, आणि छापील पुस्तकासारखा दिसतो.

दुसरी अट, केबल लावून माझ्या फायली मला टाकता आल्या पाहिजेत आणि काढताही. विकत घेतलेलं ई-पुस्तक हे बहुतेक ठिकाणी वाचायचा परवाना असतो, आणि नियम बदलत राहतात, अमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मधे विकत घेतलेलं किंडल पुस्तक वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय बंद केली. स्वतःच्या फायली टाकता येतात, ते चालू आहे, आणि २०२२ पासून अमेझॉनच्या सेंड टू किंडल या सोयीने ईपब पण पाठवता येते. ज्यांची सगळी खरेदी एकाच दुकानातून आहे त्यांनी त्या दुकानाचं यंत्र घेणं सोयीचं, पुस्तक दाबलं की आलं. माझ्याकडे स्कॅनच जास्त, त्यामुळे मला दुकानापेक्षा मोकळं दार महत्त्वाचं होतं.

तिसरी अट केओरीडर चालला पाहिजे. हा फुकट आणि खुला वाचनाचा प्रोग्राम आहे, कोबो, पॉकेटबुक या कंपन्यांच्या यंत्रांवर आणि अँड्रॉइडवर सहज चालतो, किंडलवर आधी कंपनीचं कुलूप तोडावं (जेलब्रेक करावं) लागतं. पीडीएफसाठी तो काय आहे हे वापरल्याशिवाय कळणार नाही: समास आपोआप कापतो, काळेपणा वाढवता येतो, आडवं धरून पान हप्त्यांत दाखवतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मजकूर नव्याने मांडताना तो अक्षरं वाचायच्या भानगडीत पडत नाही, पानाच्या चित्रातून शब्दांचे तुकडे कापून नव्या ओळीत लावतो. त्यामुळे जुना फॉन्ट असो, स्कॅन असो, त्याला फरक पडत नाही, शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एक तुकडा म्हणून छान सुटतो. पान वाकडं असलं किंवा छपाई पुसट असली की मात्र ओळी फुटतात. तेव्हा नुसतं समास कापून वाचायचं.

यंत्र हातात आल्यावर खरं काम सुरू झालं ते स्कॅन साफ करायचं, आणि हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितेय. पीडीएफमधून पानांची चित्रं वेगळी काढायची आणि स्कॅनटेलर नावाच्या प्रोग्राममधे टाकायची, हाही फुकट. तो जोडपानं मधोमध कापून दोन करतो, वाकडी पानं सरळ करतो, मजकुराचा चौकोन ओळखतो आणि शेवटी पिवळं काढून शुद्ध काळंपांढरं पान देतो. एकेक टप्पा आधी अंदाजे करू द्यायचा आणि मग सगळ्या पानांवरून नजर फिरवायची, कारण काही वेळा तो वरचा पृष्ठांक किंवा तळटीप मजकुराबाहेर टाकतो. शेवटी काळंपांढरं करताना जाडी एक-दोन खुणा वाढवली तर पुसट शिळाछापाची पुस्तकं पण वाचण्यासारखी होतात, फार वाढवली तर घ आणि ध सारखेच दिसायला लागतात. मग पानं परत जोडून पीडीएफ. फाइल पण कितीतरी हलकी होते आणि यंत्रावर पान पटकन उलटतं, आधी काही स्कॅन उलटायला एवढा वेळ घ्यायचे की वाक्याचा धागा तुटायचा.

काही पुस्तकांचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं, पण करून बघितलं, त्यासाठीच्या टेसरॅक्ट या प्रोग्राममधे मराठी आहे. अलीकडच्या छपाईवर ते समाधानकारक चालतं, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईवर दुरुस्त्या इतक्या निघतात की वाचण्यासाठी म्हणून ते करण्यात अर्थ नाही, ते काम विकिस्रोतासारख्या ठिकाणी सगळ्यांसाठी करायचं असेल तर जरूर करावं.

पडद्याच्या खोडी दोनच. आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, त्याला काही पानांनी एकदा पूर्ण काळापांढरा झपका मारायची सेटिंग असते, मी ती मजकुराला दर सहा पानांनी आणि स्कॅनला दर पानाला ठेवलीय. आणि यातले बहुतेक पडदे आतून काचेवर बनवलेले असतात, दाब पडला की वरची काच शाबूत राहूनही आतला पडदा जातो, म्हणून कडक कव्हर पहिल्याच दिवशी घातलं आणि बॅगेत ते वह्यांच्या मधे कधीच ठेवत नाही. लाइट समोरून येतो, कडेच्या दिव्यांमधून पडद्यावर पसरतो, रात्री मी तो पिवळट करून अगदी कमी ठेवते. पेनने लिहायची सोय मी घेतली नाही, मला वाचायचंच आहे.

बाबांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी अक्षर मोठं करायला सांगितलं, ईपबवर ते सहज झालं आणि आता त्यांच्यासाठी अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर आणि जाडी असं वेगळं ठरवून ठेवलंय. "यात माझी स्कॅनवाली पुस्तकं पण एवढी मोठी होतील का गं?" असं विचारल्यावर मी आडवं धरून दाखवलं, ते त्यांना पटलं नाही, म्हणाले मान हलवावी लागते. त्यांच्यासाठी खरंच दहा इंचीच बरा पडेल, ते टेबलाशी बसून वाचतात आणि हातात धरायचा प्रश्नच नाही. दोन रकान्यांचे पेपर, मोठे तक्ते आणि नकाशे मी अजूनही लॅपटॉपवरच बघते.

आता उरलंय ते कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या प्रोग्राममधे सगळी यादी नीट लावायचं काम. स्कॅनच्या फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे आणि रोमन अक्षरं, यंत्रावर टाकल्यावर कुठलं पुस्तक कुठलं कळत नाही, म्हणून प्रत्येकाला शीर्षक आणि लेखक देवनागरीत भरते, आणि क्रम लावायचं नाव कॅलिबरमधे वेगळं देता येतं तिथे आडनाव आधी घालते, म्हणजे यादी आपल्या वर्णमालेप्रमाणे लागते. साल माहीत असेल तर तेही भरते, एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असल्या की उपयोग होतो. अ पासून सुरू केलंय, सध्या क च्या आडनावांवर आहे.